उणे तेरा मिनिटं

बोट कापलं तेव्हा आल्हादला आधी दुखलं नाही, आधी लाज वाटली. उज्जैनच्या देवास गेटला ई-रिक्षातून उतरताना त्याने दांडा सोडून बाजूच्या पत्र्याला धरलं, पत्र्याची कड सुटलेली होती, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं उघडलं. रक्त यायला एक क्षण लागला, जसं काही बोटालाच कळत नव्हतं की आता काय करायचं. रिक्षावाला म्हणाला, देख के उतरना था भिया, आणि समोरची गल्ली दाखवली, तिथं दवाखाना आहे. आल्हादच्या दुसऱ्या हातात फाइल होती. सोमवारच्या मीटिंगचे कागद फ्रीगंजला जाऊन रंगीत छापायचे होते, कारण ऑफिसच्या प्रिंटरमधला निळा संपला होता आणि त्याच्या ग्राफमधले चांगले वॉर्ड निळे होते. त्याने फाइल काखेत मारली, बोट मुठीत धरलं आणि गल्लीत शिरला. रक्त फाइलला लागू नये एवढीच काळजी. बोट काय, भरून येईल.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा, एक बाक. काउंटरवरचा म्हातारा कंपाउंडर कॉम्प्युटरवर एका बाईचं नाव लिहून घेत होता, तिच्या मागे अजून दोघं. आल्हाद सवयीने त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. मुठीतून थेंब फरशीवर पडून राहिले होते आणि तो लाइनीत उभा. तेवढ्यात पडद्याआडून एक बाई आली, काही न विचारता तिने त्याचं मनगट पकडलं, हात डोक्याच्या वर उचलला आणि बोटाच्या मुळाशी अंगठा घट्ट दाबला. वर धर, म्हणाली, खाली नाही आणायचा. मराठीत बोलली, बहुतेक त्याचा चेहरा बघून. आवाज ओळखीचा. मग चष्मा, मग कपाळावरची बारीक टिकली, मग नाव. विजया सिस्टर. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत आल्हादच्याच हॉस्पिटलात होती.

तिनेही ओळखलं, पण उशिरा. आधी बोट धुतलं, आत काच-पत्रा राहिला नाही ना ते बघितलं, डॉक्टरला हाक मारली, डॉक्टरने तीन टाके घातले आणि तो पुढच्या पेशंटकडे गेला, आणि पट्टी बांधता बांधता तिने वर पाहिलं. अरे, आल्हाद का तू. माईंची शुगर कशी आहे, तुझे बाबा भय्यासाहेब अजून सकाळी फिरायला जातात का, तू बारीक झाला आहेस. सगळं असं विचारलं जशी काही कालच ड्यूटी संपवून घरी गेली होती. आल्हादला वाटलं की हिने एक टोमणा मारावा. एकच. मग आपल्याला काहीतरी बोलता येईल. पण तिने टिटनसचं इंजेक्शन दिलं, दंड चोळला आणि म्हणाली की जाताना काउंटरवर पर्चा बनवून घे, नाहीतर तो म्हातारा मला बोलेल.

पर्चा हातात घेऊन तो बाकावर बसला, चक्कर जाईपर्यंत. नोंदणीचा छापलेला पर्चा: नाव, वय एकोणतीस, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरने आपल्या मनाने टाकलेली वेळ, ११:३४. त्याला टाचलेला छोटा कागद, विजया सिस्टरच्या हाताने लिहिलेला: डावी तर्जनी, तीन टाके, आणि पहिल्या ओळीत वेळ, ११.२१. पेशंट पहिल्यांदा पाहिला ती वेळ. आल्हादच्या डोक्यात वजाबाकी आपोआप होते, रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरांचीसुद्धा होते. अकरा एकवीस वजा अकरा चौतीस. उणे तेरा मिनिटं. त्याला थोडी मजा वाटली. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेली दोन वर्षं तो हेच तर मोजत होता, पर्चा बनल्यापासून पेशंटला पहिल्यांदा कोणी बघेपर्यंत किती वेळ जातो, आणि हे त्याचं स्वतःचं वेटिंग आलं शून्याच्याही खाली. मग त्याने विचार केला, माझ्या एक्सेल शीटने या ओळीचं काय केलं असतं. आणि बाकावर बसल्या बसल्या त्याचे कान गरम झाले.

कारण ते त्याला माहीत होतं. त्याच्या इतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. शीट त्यानेच बनवलेलं होतं. कॉलेजमध्ये तो बी.कॉम. झालेला, बाकी सगळं आपल्या आपण शिकलेला, मोबाइलवर व्हिडिओ बघून, थांबवून, मागे घेऊन. सुरुवातीला नाइट ड्यूटीच्या ओळी त्याला छळायच्या. पर्चा अकरा पन्नासचा, डॉक्टर बारा दहाला, तारीख बदललेली. वजाबाकी उलटी यायची आणि शीट तिथं #####, अशा आठ-दहा जाळ्या छापून ठेवायचं, आकडाच नाही. मग एका व्हिडिओत कोणी भला माणूस म्हणाला की उत्तर शून्याच्या खाली गेलं की समजायचं मधे बारा वाजून गेले, त्यात पूर्ण एक दिवस मिळवून टाका. एक छोटा फॉर्म्युला. आल्हादने तो लावला, खालपर्यंत ओढला, आणि सगळ्या जाळ्या एका झटक्यात गेल्या. त्या दिवशी त्याने माईसाठी घरी कचोऱ्या नेल्या होत्या. आता बाकावर त्याने तोच फॉर्म्युला स्वतःच्या बोटाला लावून बघितला. उणे तेरा मिनिटांत एक दिवस मिळवला. तेवीस तास सत्तेचाळीस मिनिटं. ज्या बाईने त्याचं नाव विचारायच्या आधी त्याचं रक्त थांबवलं, तिने त्याच्या शीटमध्ये त्याला जवळजवळ एक दिवस बसवून ठेवलं होतं.

पडद्याआडून तिचा आवाज येत होता. कोणाला तरी सांगत होती की पाय लटकू देऊ नका, आजोबा, इकडे टेका. आल्हाद उठला आणि न सांगता निघाला. फ्रीगंजला गेलाच नाही. परत रिक्षात बसला आणि यावेळी दांड्याला धरलं.

एप्रिलची ती मीटिंग. ती त्याला इतक्या वेळा आठवली होती की आता तिचे काने-कोपरे गुळगुळीत झाले होते, पण आज रिक्षात ती परत खरबरीत झाली. सुपरिटेंडेंट डॉक्टर गोपाळकृष्ण, समोर सगळ्या सिस्टर्स, पडद्यावर आल्हादचा ग्राफ. इमर्जन्सीच्या चार टीम. तिघींच्या काड्या बावीस मिनिटं, एकोणीस, सव्वीस. आणि दुपारी दोन ते आठच्या टीमची, विजया सिस्टरची, एवढी उंच की बाकीच्या तिच्यासमोर बुटक्या. ब्याण्णव मिनिटं. डॉक्टरसाहेब जास्त बोलले नाहीत, ग्राफच बोलत होता. हॉल थंड होता, कोणीतरी पेनाचं टोपण उघडबंद करत होतं. चौदा वर्षं इमर्जन्सीत काढलेली बाई. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती पडद्याकडे. तिने फक्त एक विचारलं. "कोणत्या तारखेचं बघून म्हणताय?" आल्हादने उत्तर दिलं होतं, शिकवल्यासारखं, की तारीख नसते सिस्टर, हे एवरेज आहे, तीन महिन्यांचं. तिने मान हलवली आणि खाली बसली. भांडली नाही. तिला कपड्यांच्या स्टोअरला टाकलं, चादरी मोजायला, तेव्हाही नाही. अकराव्या दिवशी राजीनामा ठेवून गेली. आल्हादला तेव्हा त्या गप्प बसण्याने बरं वाटलं होतं. आकडा खरा असला की माणूस गप्प बसतो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं ना. फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस तो वही घेऊन इमर्जन्सीत बसला होता, कोण कुठं किती वेळ घालवतं ते टिपायला. विजया सिस्टर टेबलावर सापडायचीच नाही. बाहेर, जिथं गाड्या लागतात त्या उतारावर उभी. कोणाशी बोलून राहिली आहे, कोणाच्या म्हातारीचा हात धरून उभी आहे, रिक्षातच डोकं घालून आत बसलेल्याला काही विचारून राहिली आहे. आल्हादने वहीत लिहिलं होतं: ड्यूटीच्या जागेवर नसते, गप्पा. गप्पा या शब्दाखाली रेघ मारली होती. आता रिक्षात ती रेघ त्याला दिसत होती. पर्चा खिडकीवर बनत असायचा, घरचा माणूस आधार कार्ड शोधत असायचा, आणि ती तोवर उतारावरच पेशंट बघून यायची, बघितल्याची वेळ कागदावर लिहायची. खरी लिहायची. तिच्या जागी कोणी हुशार असतं तर पर्च्याच्या नंतरची वेळ लिहिली असती.

ऑफिसात शनिवारी दुपारी कोणी नव्हतं. त्याने जुनी फाइल उघडली. तीन महिने, दोन ते आठ, चारशे बारा ओळी. त्याने या ओळी कधी बघितल्याच नव्हत्या. शीट ओळी गिळतं आणि खाली एक आकडा देतं, तो आकडा घेऊन माणूस वर जातो. फॉर्म्युला काढला, नुसती वजाबाकी ठेवली. जाळ्या परत आल्या, चोवीस ठिकाणी. चारशे बारात चोवीस, आणि त्या चोवीस ओळींनी एक-एक दिवस अंगावर घेऊन बाकीच्या सगळ्यांना वर ओढलं होतं. त्याने त्या हाताने सोडवल्या. उणे सात, उणे बारा, उणे चार. पट्टी बांधलेलं बोट कीबोर्डवर आपटत होतं, चुकीची अक्षरं उमटत होती. खाली खरा आकडा आला: सात पूर्णांक नऊ. पूर्ण हॉस्पिटलात सगळ्यात कमी. त्याने तीन वेळा करून बघितलं. जितक्या वेळा बरोबर आलं तितकं त्याला वाईट वाटलं, आणि हेही खरं की मनाच्या एका कोपऱ्यात तो प्रत्येक वेळी बघत होता की कुठं चुकतंय का, म्हणजे सुटलो.

मग त्याला एप्रिलनंतरचं दिसायला लागलं. लिफ्टशेजारच्या बोर्डावर दर महिन्याला त्याचा ग्राफ लागायचा आणि दोन ते आठची काडी ब्याण्णववरून वीसच्या खाली आली होती. येणारच. विजया सिस्टरचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. का झालं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण माणसं आपल्या पुरता धडा घेतात: पर्च्याच्या आधी कोणाला हात लावायचा नाही. जूनमध्ये तो खाली गेला होता तेव्हा बाकावर एक धोतरवाले बाबा बसले होते, छातीवर हात, ओठ कोरडे, मुलगा खिडकीच्या लाइनीत. त्यांच्यासमोर अमृता सिस्टर उभी. चांगली मुलगी, हुशार, काळजी घेणारी. ती हात मागे बांधून उभी होती, जसं शाळेत उभं राहतात. "पर्चा आने दो बाबा, फिर मैं तुरंत देखती हूँ," म्हणाली. आणि तिने आल्हादकडे पाहिलं. बरोबर करतेय ना, असं. आल्हादने मान हलवली होती. बरोबर. पर्चा आला, अमृताने लगेच बघितलं, दोन मिनिटं लिहिली. त्याच्या शीटमध्ये दोनच मिनिटं होती. त्याच्या आधीची अकरा-बारा मिनिटं, जी त्या बाबांनी छाती धरून काढली, ती कुठंच नव्हती, त्यांची ओळच नव्हती. बाबा वाचले, तो प्रश्न नाही. ती मान हलवलेली आल्हादला आता मानेत जाणवत होती, तिथंच, मागे, डावीकडे.

डॉक्टर गोपाळकृष्ण शनिवारी संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये असतात, ड्रॉवरमध्ये शेवेची पुडी असते, ती खात सह्या करतात. त्यांनी आल्हादचं सगळं ऐकलं. माणूस वाईट नाही. आल्हादला नोकरीला त्यांनीच लावलेलं, भय्यासाहेबांची ओळख होती म्हणून, आणि मुलगा खटपट्या आहे म्हणूनही. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"मायनस? म्हणजे त्रास व्हायच्या आधीच बघितला पेशंट? ज्योतिषी होती काय ती," ते म्हणाले आणि हसले. आल्हाद हसला नाही तेव्हा त्यांनी शेवेची पुडी बंद केली. मग समजावलं. चूक झाली, मान्य. पण सोमवारी ट्रस्टच्या कमिटीसमोर मी काय सांगू, की आमचा आकडा यूट्यूबवरून आला होता? याच पद्धतीने आता सगळे वॉर्ड मोजायचे ठरले आहेत. सोमवारीच तुझी ऑर्डर निघून राहिली, क्वालिटी मॅनेजर, पक्की. फॉर्म्युला पुढच्या महिन्यापासून दुरुस्त कर ना, कोण नाही म्हणतं. जुनं कशाला उकरायचं. "ती काही बोलली होती का तेव्हा? नाही ना. मग तू का तिच्या वाटचं बोलतोस?" आल्हादने कागद परत घेतला. खरं म्हणजे हा प्रश्न त्याचाच होता, पाच महिने त्याच्याच खिशात पडलेला. ती का बोलली नव्हती? आकडा खोटा होता, तिला तर माहीत होतं ना ती काय करते, मग हॉलमध्ये उभी राहून का नाही म्हणाली की हे साफ खोटं आहे.

घरी माईने बोट बघून हळद, तूप, काय काय सांगितलं, आणि भय्यासाहेबांनी फक्त विचारलं की टाके कोणी घातले. भय्यासाहेब वेधशाळेतून रिटायर झालेले, तीस वर्षं लोकांना यंत्रं दाखवायची नोकरी. लहानपणी आल्हाद सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचा आणि दगडी पायऱ्यांवर बसून सावली सरकताना बघायचा. सरकताना दिसायची नाही, सरकलेली दिसायची. टूरिस्ट यायचे, सावली कुठल्या रेघेवर आहे ते वाचायचे, मनगट बघायचे आणि खूश होऊन ओरडायचे की चुकलं, अर्धा तास मागे आहे. भय्यासाहेब दर वेळी तेच वाक्य तितक्याच शांतपणे म्हणायचे, घड़ी से मत मिलाओ, पहले तख़्ती देखो. भिंतीवर तक्ता होता. उज्जैनचा सूर्य आणि देशाचं घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक, ते रोजचं वेगळं, तारखेप्रमाणे. त्या दिवसाची मिनिटं मिळवली की बरोबर जुळायचं आणि लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. आल्हादला ते मिळवणं जादूसारखं वाटायचं. आज जेवताना त्याच्या लक्षात आलं की भय्यासाहेब मिळवायच्या आधी तारीख विचारायचे. दर वेळी. रोज सकाळी स्वतः बोर्डावर लिहिलेली तारीख, तरी मान वळवून परत बघायचे. त्याने कधी तारीख बघितली नव्हती, फॉर्म्युला खालपर्यंत ओढला होता. त्याला वाटलं की बाबांना सगळं सांगावं. पण ते ताटातला भात गोळा करत होते, अगदी शेवटचं शीतसुद्धा, आणि त्याने आपलं ताट उचललं.

पत्र त्याने रविवारी सकाळी टाइप केलं, तुटक तुटक, उठत बसत, चहा विसरत. कमिटीच्या नावाने, एक पान. एप्रिलचा आकडा चुकीचा होता. चूक माझी होती, अशी होती. खरा आकडा सात पूर्णांक नऊ. विजया सिस्टरना ज्या कारणाने हलवलं ते कारण नव्हतंच. सोबत सगळ्या ओळी जोडत आहे, उण्या ओळी पिवळ्या केल्या आहेत. माझी ऑर्डर काढायच्या आधी हे वाचावं. शेवटचं वाक्य दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. मग त्याला वाटलं की हे देण्याआधी तिला दाखवलं पाहिजे. आणि याच्याखाली, अगदी तळाशी, त्याला वाटत होतं की ती वाचेल आणि काहीतरी म्हणेल, चांगलं केलंस म्हणेल. हे त्याला कळत होतं आणि तरी वाटत होतं.

दवाखाना रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो. बाक रिकामा होता, कंपाउंडर पेपर वाचत होता. विजया सिस्टरने आधी बोट मागितलं, पट्टी सोडून बघितली, कोरडं आहे म्हणाली, नवी बांधली. तोवर त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की तो फॉर्म्युलाच समजावत बसला आहे, कसा लागतो, कुठं चुकतो. मुख्य गोष्ट मागे राहून जातेय. मग म्हणाला, "सिस्टर, मी तुम्हाला काढलं. मतलब, माझ्या चुकीने."

तिने चष्मा पदराला पुसला. पत्र वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग मागच्या ओळींचे कागद घेतले. ते नऊ कागद ती अशी बघत होती जसं लोक जुने फोटो बघतात, बोटाने, एक एक. पहिल्या चार कागदांत पिवळं काहीच नव्हतं. आल्हादच्या हे काल लक्षात आलं होतं पण त्याने तिथं थांबून विचार केला नव्हता. पूर्ण जानेवारी पांढरा, फेब्रुवारीचा पहिला आठवडा पांढरा, आणि मग दहा तारखेपासून पिवळ्या ओळी, कधी दोन दिवसांनी, कधी रोज. तिचं बोट पिवळ्यावर पोचलं आणि तिथून परत वर आलं. पहिल्या पिवळ्या ओळीच्या वर, नऊ फेब्रुवारीच्या एका पांढऱ्या ओळीवर थांबलं. आल्हादने वाकून बघितलं. पर्चा चार दहा, पेशंट पाहिला चार बारा. दोन मिनिटं. उत्तम ओळ.

"हे मी खोटं लिहिलंय," ती म्हणाली.

कंपाउंडरने पेपरचं पान उलटलं. ती हळू आवाजात बोलत राहिली, आल्हादकडे न बघता, कागदाकडे बघून. भाजी विकणारे एक काका होते, सायकलवरून स्वतःच आलेले, पोटात जळतं म्हणत. तिने लांबूनच बघितलं, गॅस असेल, बसा म्हटलं. तेव्हाच गौरीचा पुण्याहून फोन आला. गौरी तिची लेक, सातवा महिना, डॉक्टरने काहीतरी सांगितलं होतं, ती रडत होती. विजया सिस्टर फोन घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. पाच मिनिटं म्हणून गेली. परत आली तेव्हा काका बाकावर तसेच बसलेले, हातात पर्चा सरळ धरलेला, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. घाम. ते पोट नव्हतंच, हृदय होतं. इंदौरला पाठवलं, गाडीत घालताना त्यांनी तिला सायकलची किल्ली दिली, कोणी आलं तर द्या म्हणाले. ते गेल्यावर तिने कागद पुरा केला आणि वेळेच्या जागी चार बारा लिहिलं.

आल्हादने विचारलं की पुढं काय झालं त्यांचं.

"माहीत नाही रे. रेफर लिहिलं की आपली ओळ संपते. नंबर होता, मी चारदा लावला, बंद. किल्ली न्यायला कोणी आलं नाही. सायकल महिनाभर स्टँडवर होती, मग तीपण दिसली नाही." तिचं बोट पहिल्या पिवळ्या ओळीवर आलं. "दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर जाऊन उभी राहायला लागले. बाकावर कोणी बसायच्या आधी बघायचं, बस. पर्चा-बिर्चा मागून."

आल्हादच्या समोर पिवळ्या ओळी होत्या. दहा फेब्रुवारी, बारा, तेरा, तेरा, पंधरा. हॉलमधला तिचा प्रश्न आता त्याला वेगळ्याच आवाजात ऐकू आला. कोणत्या तारखेचं बघून म्हणताय. तिला वाटलं होतं की नऊ तारीख सापडली. आल्हादने, शीटने, कोणीतरी, ती एक ओळ शोधून काढली, आणि हे सगळं त्या ओळीसाठी आहे. म्हणून ती बसली. म्हणून चादरी मोजल्या आणि म्हणून गेली, काही न बोलता. आणि शीटला ती एक ओळ तेवढी आवडली होती. बाकीच्या चोवीस, ज्या तिने त्या एकीपायी उन्हात उभं राहून भरल्या होत्या, त्यांनी तिला बाहेर काढलं. 

"तू हे पत्र देणार ना उद्या?" तिने विचारलं.

हो, तो म्हणाला.

"मग ही ओळ दुरुस्त कर."

त्याने समजावलं. एकदम भराभर समजावलं, जसं डॉक्टर गोपाळकृष्णांनी त्याला समजावलं होतं तसंच, हे त्याला बोलता बोलताच कळलं. की सिस्टर, एका ओळीने काही होत नाही, सात पूर्णांक नऊचे आठ होतील, तरी सगळ्यात कमी तुमचाच. पण वेळ खोटी लिहिली असं कमिटीसमोर गेलं तर ते तेवढंच धरून बसतील, बाकीचं कोणी वाचणार नाही, डॉक्टरसाहेबांना तर बहाणाच मिळेल. तुमचं नाव साफ होऊन राहिलं आहे, ते होऊ द्या. ही ओळ कोणाला दिसत नाही. कधीच दिसली नसती.

तिने सगळं ऐकून घेतलं. "आठ होतील ना," म्हणाली. "मग आठच लिही. तुझी चूक तू लिहिलीस, माझी मला लिहू दे. मला परत तिथं यायचं नाही, आल्हाद. इथं बरं आहे. पण ती पर्च्याची भानगड बंद करा. नव्या पोरी हात बांधून उभ्या राहतात म्हणे."

त्याने पेन काढलं. डाव्या हाताने कागद धरता येत नव्हता, तिने धरला. छापलेल्या चार बारावर त्याने एक रेघ मारली आणि विचारलं की खरी वेळ काय होती. अंदाजे चालेल म्हणाला, इतके महिने झाले, बरोबर कोणाला आठवणार. "चार बावन्न," ती म्हणाली. त्याचं वाक्य संपायच्या आधी.

त्याने लिहिलं. मग पत्राच्या शेवटी, आपल्या टाइप केलेल्या नावाखाली हाताने एक ओळ वाढवली, की नऊ फेब्रुवारीची ही नोंद सिस्टरनी स्वतः दुरुस्त करून दिली आहे, आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने सही केली, पूर्ण नाव, शाळेतल्यासारखं गोल अक्षर. सहीखाली तारीख घातली. तारखेच्या पुढं वेळ लिहायला पेन टेकवलं, आणि उचललं. मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काटा पुढच्या घरात जाईपर्यंत थांबली, आणि मग लिहिली.